मराठवाड्यातल्या मंत्र्यांचे जुने फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडं मंत्र्यांचे जुने फोटो कुठंही सापडतात. घरातल्या पत्र्याच्या पेटीत, शाळेच्या ऑफिसात, सोसायटीच्या कपाटावर, साखर कारखान्याच्या गेस्टहाऊसमधल्या भिंतीवर. आजोबांनी कुणाला तरी हार घातलाय, मागं मंडप आहे, एक पांढरी अँबेसिडर उभी आहे, आणि घरात आता कुणालाच सांगता येत नाही की हा नेमका कोणता कार्यक्रम होता. असे फोटो घेऊन लोक येतात आणि जवळपास तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

फोटोखाली काय लिहायचं? नाव आणि पद पुरे ना?

पुरे, पण पद त्या दिवशीचं पाहिजे. पुढं जाऊन तो माणूस काय झाला ते नाही. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो, कारण लोकांना मोठं पद लिहायला आवडतं.

शंकरराव चव्हाणांचंच बघा. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला झाली, लालबहादूर शास्त्री आले होते, तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते आणि शंकरराव पाटबंधारे खात्याचे मंत्री. त्याच धरणाचं उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी केलं, तेव्हा शंकरराव स्वतः मुख्यमंत्री होते. नंतर १९९१ ते ९६ ते दिल्लीत गृहमंत्री. आता १९६५ च्या फोटोखाली "माजी मुख्यमंत्री व केंद्रीय गृहमंत्री" असं लिहिलं तर एका अर्थानं खोटं नाही, पण फोटोचा सगळा जीव जातो. आपल्या भागातला, पैठणचा माणूस पाटबंधारे खातं हातात असताना गोदावरीवरच्या धरणाच्या पायाभरणीला उभा आहे, ही त्या फोटोतली खरी गोष्ट, आणि ती पद बरोबर लिहिलं तरच कळते.

विलासराव देशमुखांचंही तसंच. १९७४ ते ७६ मधला बाभळगावचा फोटो असेल तर ते सरपंच आहेत. १९८० ला आमदार, नंतर मंत्री, मग १९९५ ला ते विधानसभा हरले, म्हणजे ९६-९७ च्या एखाद्या लग्नातल्या फोटोत ते माजी मंत्री आहेत, आणि मुख्यमंत्री झाले ऑक्टोबर १९९९ मध्ये. गोपीनाथराव मुंडे १९९५ च्या मार्चपर्यंत विधानसभेत विरोधी पक्षनेते होते आणि त्यानंतर उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. विरोधी पक्षनेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो, गाडी असते, बंदोबस्त असतो, म्हणून फोटोवरून माणूस फसतो, पण तो सरकारात नसतो, सरकारला जाब विचारायच्या जागेवर असतो. हे दोन फोटो एकाच कॅप्शनखाली टाकणं बरोबर नाही.

कोनशिलेवर "मा. ना." लिहिलंय, कुठं "मा. आ.", कुठं "मा. खा.". त्यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. "ना." म्हणजे नामदार, आपल्याकडं ते मंत्र्यासाठी लावतात, "आ." आमदार आणि "खा." खासदार. म्हणजे एखाद्या समाजमंदिराच्या कोनशिलेवर एका नावामागं ना. असेल तर तो माणूस त्या वेळी मंत्रिपदावर होता असं धरून पुढं शोधायला हरकत नाही. मग त्याचा मंत्रिपदाचा काळ काढला की फोटोचा काळ आपोआप आवळत येतो.

फक्त एक सांभाळा. कोनशिला कार्यक्रमाच्या आधी कोरून तयार असते. मंत्री आलेच नाहीत, ऐनवेळी दौरा रद्द झाला, त्यांच्या जागी राज्यमंत्री आले किंवा जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांनीच फीत कापली, असं लई वेळा झालेलं आहे, आणि दगडावरचं नाव तसंच राहतं. म्हणून दगड आणि फोटो जुळत नसतील तर फोटोवर विश्वास ठेवा.

कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री, उपमंत्री, पालकमंत्री... फरक काय?

थोडक्यात: कॅबिनेट मंत्र्याकडं खातं पूर्ण असतं. राज्यमंत्री त्याच्या खालचा. उपमंत्री हे पद आता दिसत नाही पण जुन्या फोटोंत भरपूर दिसतं, द्विभाषिक मुंबई राज्यात (महाराष्ट्र-गुजरात एकत्र होते तेव्हा) शंकरराव सुद्धा आधी उपमंत्रीच होते. २००३ च्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या १५ टक्क्यांवर बांधला गेला, आपल्या २८८ च्या सभागृहात त्यामुळं मुख्यमंत्री धरून ४३ च्या वर जाता येत नाही. त्याआधी मंत्रिमंडळं मोठी असायची, म्हणून ९० च्या दशकातल्या फोटोत एकाच व्यासपीठावर तीन तीन मंत्री बसलेले दिसले तर नवल नाही.

पालकमंत्री ही वेगळी जबाबदारी. एखाद्या मंत्र्याकडं एक जिल्हा दिलेला असतो, नियोजन समितीची बैठक तो घेतो, झेंडावंदन तो करतो. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे हे सगळ्या महाराष्ट्रात, पण आपल्या जिल्ह्यांत अजून एक झेंडावंदन असतं, १७ सप्टेंबरचं, मुक्तिसंग्राम दिनाचं, म्हणजे मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्या दिवसाचं, आणि संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात मुख्यमंत्री येतात. सप्टेंबरचे फोटो ओळखायचे कसे? हवा पावसाळी असते, मैदानात चिखल असतो आणि समोरच्या खुर्च्यांवर स्वातंत्र्यसैनिक बसलेले असतात. ते म्हातारे चेहरे नीट बघा. पुढच्या फोटोंत ती रांग कमी कमी होत गेलेली दिसते.

आजोबांसोबत स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो आहे. ते कोणत्या खात्याचे मंत्री होते?

कोणत्याच नाही. हा प्रश्न जवळजवळ सगळेच विचारतात, आणि समज असा की निजामाविरुद्ध एवढं मोठं आंदोलन चालवलं म्हणजे नंतर मंत्री झालेच असणार. स्वामीजी हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते होते, पुढं लोकसभेत खासदार होते, पण मंत्रिपद त्यांनी घेतलं नाही. गोविंदभाई श्रॉफ तर सत्तेच्या पदापासून लांबच राहिले, शिक्षण आणि मराठवाड्याच्या विकासाचे प्रश्न हेच त्यांचं काम. त्यांच्या फोटोखाली मंत्री लिहिणं म्हणजे त्यांनी आयुष्यभर जे ठरवून टाळलं ते आपण त्यांच्या गळ्यात बांधणं. असं करू नका.

१९५६ पर्यंत आपला भाग हैदराबाद राज्यात होता, त्या राज्यात मंत्री झालेले आपले लोक वेगळे. दिगंबरराव बिंदू गृहमंत्री होते, देवीसिंग चौहान ग्रामविकासाचं काम बघणारे मंत्री होते, उस्मानाबादचे फुलचंद गांधी मंत्री होते. ही नावं आपल्या पोरांना माहीतच नाहीत आणि त्यांचे फोटो "कोणीतरी काँग्रेसवाले" म्हणून पडून आहेत, याचं मनापासून वाईट वाटतं.

तसंच लष्करी वेषातले जनरल जे. एन. चौधरी. पोलीस ॲक्शननंतर (सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईनंतर) ते हैदराबादचे मिलिटरी गव्हर्नर होते, मंत्री नव्हते. त्यांच्यानंतर १९५० ला वेलोडी मुख्यमंत्री झाले, ते आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या काळातले सनदी अधिकारी, निवडून आलेले नव्हते. निवडणूक होऊन आलेलं पहिलं मंत्रिमंडळ १९५२ चं, बुर्गुला रामकृष्णराव मुख्यमंत्री.

आणि शिवराज पाटील चाकूरकर. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला, त्या वेळचे त्यांचे फोटो लोक "केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील" म्हणून फिरवतात. ते तेव्हा लोकसभेचे सभापती होते आणि लातूरचे खासदार. गृहमंत्री झाले २००४ ला. किल्लारीच्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री शरद पवार होते आणि देशाचे गृहमंत्री शंकरराव चव्हाण.

फोटोत निजाम शेरवानीत बसलाय आणि समोर खादी टोपीवाले शपथ घेतायत. हा फोटो खोटा आहे का?

नाही, खरा असू शकतो. निजाम मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते, म्हणजे इतर राज्यांत राज्यपाल जे करतो ते इथं ते करायचे. ज्यांच्या राज्यात जेल भोगली त्यांच्याच समोर उभं राहून मंत्र्यांनी शपथ घेतली. आज बघताना चमत्कारिक वाटतं आणि म्हणूनच कुणीतरी दोन फोटो जोडलेत असा संशय येतो. पण राज्यघटनेनुसार ते तसंच व्हायचं होतं. असा फोटो घरात असेल तर तो फार जपा, कारण एक राज्य जाऊन दुसरं कसं आलं ते त्यात एका चौकटीत दिसतं.

१९४८ च्या आधी मंत्री होते का?

होते पण जनतेनं निवडलेले नाहीत. निजामाची एक्झिक्युटिव्ह कौन्सिल असायची, तिच्या प्रमुखाला सदर-ए-आझम म्हणायचे. सर अकबर हैदरी, छतारीचे नवाब, सर मिर्झा इस्माईल आणि शेवटचे मीर लायक अली, ही त्यातली उशिराची नावं. त्याही आधी दिवाण, त्यात पहिले सालारजंग आणि महाराजा किशन प्रसाद. औरंगाबाद, दौलताबाद, वेरूळला असले पाहुणे आले की वतनदार, वकील, जहागीरदार सगळे पायरीवर ओळीत उभे राहून फोटो काढायचे. त्यात गावकरी बहुतेक नसतातच, असलेच तर कडेला घोड्याचा लगाम धरून.

फोटोच्या मागं उर्दूत काहीतरी आणि १३५७ असा आकडा आहे. हे साल कसलं?

हे फसली साल. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसलीत चालायचं. हिशोब सोपा आहे, फसली सालात ५९० मिळवा. वर्ष ऑक्टोबरच्या सुमाराला, आझर महिन्यात सुरू व्हायचं, म्हणून १३५७ फसली म्हणजे १९४७ चे शेवटचे तीनेक महिने आणि बाकी १९४८. महिना लिहिलेला असेल, बहमन, खुर्दाद, तीर, शहरेवर वगैरे, तर अजून जवळ जाता येतं. गावातल्या जुन्या पटवाऱ्याच्या घरी किंवा उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या एखाद्या निवृत्त मास्तरांना दाखवा, दोन मिनिटांत वाचून देतील. वाचून घेतलं की लगेच मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा.

मोडीत लिहिलेलं असेल तरी हेच करा. खोडू नका, वरून बॉलपेननं गिरवू तर अजिबात नका.

मागं काहीच लिहिलेलं नाही. फोटो कधीचा ते कसं ओळखायचं?

फोटोतल्या माणसाकडं बघायच्या आधी त्याच्या आजूबाजूला बघा. मंडपावरचं निवडणूक चिन्ह सगळ्यात कामाचं. काँग्रेसची बैलजोडी असेल तर १९६९ च्या फुटीआधीचा. गाय-वासरू असेल तर ७१ ते ७७ च्या आसपासचा. हात असेल तर १९७८ किंवा नंतरचा. नांगरधारी शेतकरी दिसला तर जनता पक्ष, ७७ पासून पुढचा. कमळ १९८० च्या आधी असूच शकत नाही.

मग जिल्हा. पाटीवर "लातूर, जि. उस्मानाबाद" असेल तर ऑगस्ट १९८२ च्या आधीचा, तेव्हा लातूर जिल्हा झाला. जालना १ मे १९८१ ला औरंगाबादेतून निघाला, हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून. आणि "उदगीर, जि. बीदर" किंवा "किनवट, जि. आदिलाबाद" असं असेल तर तो १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा, कारण त्या दिवशी आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि हे तालुके तिकडून तोडून इकडं जोडले गेले. एका बॅनरवरच्या दोन शब्दांवरून एवढं कळतं.

गाडीचा नंबर एमएच-२० (औरंगाबाद), एमएच-२३ (बीड), एमएच-२४ (लातूर), एमएच-२६ (नांदेड) अशा पद्धतीचा असेल तर १९८९ च्या आधीचा नाही, आधी वेगळी अक्षरं असायची. मंत्र्याच्या गाडीवर लाल दिवा असेल तर १ मे २०१७ च्या आधीचा, त्या दिवसापासून दिवे गेले. स्टुडिओचा शिक्का असेल तर त्यात सहा आकडी पिनकोड आहे का बघा, पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. स्टुडिओचा फोन नंबर तीन आकडी असेल तर फोटो जुना, हे वेगळं सांगायला नको.

कागदही बोलतो. कडा नागमोडी कापलेल्या, छोटा चौकोनी ब्लॅक अँड व्हाईट प्रिंट असेल तर बहुतेक ५० ते ७० च्या दशकातला. रंगीत आहे पण सगळा लालसर पडलाय तो ८० चा. कोपऱ्यात नारिंगी आकड्यात तारीख छापलेली असेल तर ती खरी धरू नका, लोक कॅमेऱ्याची तारीख सेट करायचे नाहीत.

यातला एकटा पुरावा घेऊन निकाल देऊ नका. बॅनर जुनं पुन्हा वापरलेलं असतं, गाडी उसनी असते. दोन-तीन गोष्टी एकाच सालाकडं बोट दाखवत असतील तरच लिहा, नाहीतर "१९७१ ते १९७७ च्या दरम्यान" असं लिहिलेलं केव्हाही चांगलं.

एक माणूस एकाच वेळी मंत्रीही आणि दुसरं काहीतरीही असेल तर?

मग तो तिथं कोणत्या नात्यानं आलाय ते लिहा. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रात कायदामंत्री होते, त्याच महिन्याच्या शेवटी त्यांनी राजीनामा दिला. पण नागसेनवनात, म्हणजे कॉलेजच्या आवारात, ते कायदामंत्री म्हणून उभे नव्हते, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे संस्थापक म्हणून उभे होते, यजमान ते होते. फक्त "कायदामंत्री डॉ. आंबेडकर" लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल सरकारी कार्यक्रम होता, आणि मराठवाड्यातल्या दलित पोरांसाठी हे कॉलेज कुणी उभं केलं तेच झाकलं जाईल. दोन्ही लिहा, संस्थापक आधी.

विद्यापीठाचं उलटं. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरू आले ते पंतप्रधान म्हणूनच, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, पहिले कुलगुरू डोंगरकेरी. त्या फोटोखाली "मराठवाडा विद्यापीठ" लिहा, बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ ला लागलं.

म्हणजे गावांची नावंही जुनीच लिहायची का? औरंगाबाद की छत्रपती संभाजीनगर?

दोन्ही. "औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर)", "उस्मानाबाद (आता धाराशिव)", "मोमिनाबाद (आता अंबाजोगाई)". फोटो काढला तेव्हाचं नाव आधी, आजचं नंतर, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्हीनं सापडतं. यात वाद घालण्यासारखं काही नाही, फोटो सापडला पाहिजे.

७२ च्या दुष्काळातला फोटो आहे, मंत्री खडी केंद्रावर आलेत. यात बघण्यासारखं काय?

अशा फोटोंत सगळ्यात जास्त बघण्यासारखं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बीड जिल्ह्यातल्या एका घरातला फोटो डोळ्यासमोर आहे. मधोमध पांढऱ्याशुभ्र कपड्यातले मंत्री, हात मागं बांधलेले, शेजारी तहसीलदार छत्री धरून. नजर आधी तिथंच जाते. पण डावीकडं बघा, पाच-सहा बायका खडीच्या ढिगावर बसल्यात, हातात हातोडी, एकीच्या बोटाला चिंधी बांधलीय, एकीनं पदर तोंडापुढं घेतलाय पण डोळे सरळ कॅमेऱ्यात. ढिगामागं झोळीत लेकरू. मुकादमाच्या काखेत मस्टर, म्हणजे हजेरीची वही, आणि मस्टरमध्ये खोचलेली पेन्सिल सुद्धा स्पष्ट दिसते. उजव्या कडेला पिंप आहे, त्यातून सुकडी वाटायचे.

मंत्र्याचं नाव घरच्यांना पाठ होतं. त्या बायकांपैकी एकीचंही नाही, आणि तिच्याच घरात फोटो होता. चिंधी बांधलेली ती त्यांची आजी होती, हे शेजारच्या म्हातारीनं सांगितलं तेव्हा कळलं.

म्हणून कॅप्शन अशी करा: मंत्री कोण, खातं कोणतं, काम कोणतं (पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ता, खडी), आणि कामावरची जेवढी नावं मिळतील तेवढी. तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. याच कामांतून पुढं रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ ला मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मंत्री बांधावर आला होता तो पाहणीला, आणि त्या पाहणीत त्याला जे दिसलं ते त्या बायकांचं काम होतं. त्यांच्याशिवाय त्या फोटोला अर्थ नाही.

बायकांची नावं कुठंच का नसतात?

लिहिणाऱ्यांनी लिहिली नाहीत म्हणून. "सौ. अमुक" एवढंच, नवऱ्याचं नाव पुढं. औक्षण करणारी, कलश घेऊन उभी असलेली, स्वागतगीत म्हणणाऱ्या पोरी, सगळ्या बिननावाच्या. आणि मंत्री म्हणून आलेल्या बायकांच्या बाबतीतही हाच आळस चालतो. केजच्या विमलताई मुंदडांनी राज्याचं आरोग्य खातं सांभाळलं, सूर्यकांताताई पाटील केंद्रात ग्रामविकास राज्यमंत्री होत्या, तरी फोटोखाली नुसतं "ताई" लिहून मोकळे होतात. पूर्ण नाव आणि खातं लिहा.

पडताळून कुठं बघायचं?

शाळेचा फोटो असेल तर आधी शाळेत जाऊन शेरेबुक मागा. मंत्री, शिक्षणाधिकारी, कुणीही शाळेला भेट दिली की त्यात शेरा लिहून सही-तारीख करायचे. जुन्या जिल्हा परिषद शाळांत अजून सापडतात, कापडी पुठ्ठ्याच्या मोठ्या वह्या, निळी शाई तपकिरी झालेली. "शाळेस भेट दिली. मुलांची प्रगती समाधानकारक. इमारतीची गरज आहे." एवढंच असतं, पण तारीख मिळते, पद मिळतं, आणि कधी कधी दिलेलं आश्वासनही मिळतं.

मग साखर कारखान्याचे आणि सूतगिरणीचे वार्षिक अहवाल, कॉलेजांच्या स्मरणिका, सत्काराचे गौरव अंक. सरकारी बाजूला जिल्हा माहिती कार्यालय, मंत्र्यांच्या दौऱ्याचे फोटो काढायचं काम त्यांचंच. कोणाकडं कोणतं खातं कधी होतं ते राज्याच्या राजपत्रात येतं. जुने सरकारी कागद पुराभिलेखागारात, संभाजीनगरला आहे, आणि १९५६ च्या आधीच्या गोष्टींसाठी हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात जावं लागतं, कारण आपले बरेच कागद राज्य फुटल्यावर तिकडंच राहिले. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अर्जात "फोटो द्या" असं मोघम लिहू नका, गाव, साल आणि कार्यक्रम लिहा.

स्कॅन कसं करू? मोबाईलनं चालेल?

नसल्यापेक्षा चांगलं, पण झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनर असतो, तिथं ६०० डीपीआयवर करून घ्या आणि मागची बाजूही स्कॅन करा. मागची बाजू लोक विसरतात आणि शिक्का, तारीख, हस्ताक्षर सगळं तिथंच असतं. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो बारीक होऊन जातो आणि बॅनरवरची अक्षरं वाचता येत नाहीत.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन कधीच नाही, ते परत निघत नाही. पुसायला ओलं फडकं नको, मऊ ब्रश घ्या. पत्र्याची पेटी माळवदाखाली उन्हाळ्यात तापते आणि पावसाळ्यात आतून ओलावते, त्यात कसर लागते, वाळवी लागते. कोरड्या जागी, भिंतीपासून जरा लांब, साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा, एका पाकिटात एकच. नाव लिहायचं तर पाकिटावर, आणि फोटोच्या मागंच लिहायचं असेल तर कडेला मऊ पेन्सिलनं हलकं.

ॲपमधून रंगीत आणि क्लिअर करून घेतला, छान दिसतो. तोच ठेवू का?

घरी लावायला ठेवा, पण मूळ म्हणून तो कुणाला देऊ नका. ते ॲप रंग ओळखत नाही, अंदाज करतं. टोपी पांढरी असेल हे त्याला जमतं, पण उपरण्याचा, झेंड्याचा, फेट्याचा रंग ते मनानं भरतं, आणि आपल्याकडं झेंड्याचा रंग बदलला की पक्ष बदलतो. चेहऱ्याचं तर अजून वाईट, धूसर चेहरा स्वच्छ करताना ते नवीनच चेहरा बनवतं, मागच्या रांगेतला तुमचा चुलता दुसराच कोणीतरी होऊन बसतो. रंगवलेली कॉपी पुढं पाठवली तर त्यावर "रंगवलेला" असं लिहा, फोटोवरच लिहा, मेसेजमध्ये नाही, कारण मेसेज गळून पडतो.

कॉपीराइटचं काय? फोटो आमच्या घरात आहे म्हणजे आमचाच ना?

कागद तुमचा, हक्क वेगळा. पैसे देऊन फोटोग्राफरला बोलावलं असेल आणि वेगळा करार नसेल तर कायद्यानं पहिला हक्क बोलावणाऱ्याचा. म्हणजे आजोबांनी स्टुडिओवाल्याला पैसे दिले असतील तर बाजू तुमची. सरकारी खात्यानं काढलेल्या फोटोला प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. सध्याचा कॉपीराइट कायदा जानेवारी १९५८ ला लागू झाला, त्याआधीच्या फोटोंना निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षांची मुदत होती, म्हणून निजामाच्या काळातले आणि हैदराबाद राज्यातले फोटो साधारणपणे मोकळे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोग्राफरच्या आयुष्यभर आणि पुढं ६० वर्षं असा नियम आहे. छापायचा असेल तर वकिलाला विचारा, आणि मोकळा असला तरी फोटोग्राफरचं नाव द्या. तालुक्याच्या गावात उन्हातान्हात व्यासपीठाच्या कडेला उभं राहून या लोकांनी आपला इतिहास टिपला आणि त्यांची नावं कुठंही नाहीत.

त्या मंत्र्याबद्दल नंतर बरंच वाईट बोललं गेलं. फोटो काढून टाकावा असं घरातले म्हणतात.

टाकू नका. कापूही नका, काही घरांत एक चेहरा कात्रीनं कापलेले फोटो बघितलेत, आणि त्या कापण्यात शेजारी उभ्या असलेल्या सरपंचाचा अर्धा खांदा आणि मागची शाळेची पाटी पण गेली. भिंतीवर नको असेल तर पाकिटात ठेवा. फोटो म्हणजे त्या माणसाला दिलेलं सर्टिफिकेट नाही. त्या दिवशी गावात दवाखान्याचं उद्घाटन झालं का, लाईट आली का, ते कुणी केलं, लोक किती आले, याची ती नोंद आहे. तुमचं मत वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात टाका, तेही उद्या कुणाच्या तरी कामाला येईल.

सुरुवात कुठून करू? घरात ढीग आहे.

जो फोटो ओळखणारा माणूस सगळ्यात म्हातारा आहे, त्या फोटोपासून. स्कॅनिंग पुढच्या महिन्यात केलं तरी चालतं. दुपारी जेवण झाल्यावर आजी-आजोबांजवळ बसा, एका वेळी चार-पाचच फोटो द्या, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून बाजूला ठेवा. "हे कोण मंत्री?" असं आधी विचारू नका, त्याचं उत्तर दुसरीकडूनही मिळेल. "तुम्ही कुठं उभ्या होत्या?", "जेवायला काय होतं?", "मंत्री किती उशिरा आले?" असं विचारा. मग त्या आपोआप डावीकडून उजवीकडं एकेक चेहरा सांगत जातात, हा पाटलाचा, हा मास्तर, ही माझी जाऊ. त्या सांगतील तसं मधे न बोलता लिहीत जा, आणि पाकिटावर सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका.